एक कोयता म्हणजे किती माणसं?

बीडहून मांजरसुंब्याकडे जाताना पाली लागतं. गावालगत बिंदुसरेचं धरण आहे, त्यामुळे बीड शहरात 'पाली' म्हटलं की आधी नळाचं पाणी आठवतं. पण दसरा उलटला की या रस्त्यावर एक वेगळाच हिशेब कानावर पडायला लागतो. चहाच्या टपरीवर एक जण दुसऱ्याला विचारतो, "औंदा किती कोयते?" दुसरा म्हणतो, "बारा. आन् एक अर्धा." परगावचा माणूस हे ऐकून बुचकळ्यात पडेल. हत्याराच्या दुकानात अर्धा कोयता मिळत नाही. आणि बारा कोयते कुणाच्या घरात असले, तर त्याची चौकशी बाजारातल्या भावासारखी कोण कशाला करील?

ज्याला विचारलं तो मुकादम असतो. त्याच्या उत्तराचा अर्थ असा, की त्याच्या टोळीत पंचवीस माणसं आहेत : बारा नवरा-बायकोच्या जोड्या आणि एक एकटं माणूस. ऊसतोडीच्या बोलीत 'एक कोयता' म्हणजे एक जोडपं आणि 'अर्धा कोयता' म्हणजे जोडीदार नसलेला किंवा नसलेली. ही नुसती गमतीची बोली नाही. उचल कोयत्यावर ठरते, टोळीचा आकार कोयत्यांत मोजतात, मुकादम कारखान्याशी करार करताना कोयत्यांची संख्या सांगतो. लग्नाची घाईसुद्धा या शब्दापायी होते. त्याकडे पुढे येईन.

आधी शब्दाचं मूळ पाहू. आंब्याच्या कोयीशी याचा संबंध लावण्याचा मोह अनेकांना होतो, कारण कोयत्याचं पातं कोयीसारखं वाकडं असतं. ही लोकव्युत्पत्ती ऐकायला गोड आहे, पण तिच्यामागे जायचं कारण नाही. जवळचे नातेवाईक दक्षिणेत सापडतात. कन्नडमध्ये 'कोय्यु' म्हणजे कापणं, खुडणं, आणि 'कोय्लु' म्हणजे पिकाची कापणी. तेलुगूत 'कोयु' हे क्रियापद, त्यावरून 'कोत' म्हणजे कापणी. तमिळमध्ये 'कोय्', मल्याळममध्ये भाताच्या सुगीला 'कोय्त्तु'. बरो आणि एमेनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात (पहिली आवृत्ती १९६१, सुधारित १९८४) ही क्रियापदं एका कुळात बसवलेली आहेत. आपला 'कोयता' याच कुळातला मानणं मला सगळ्यात सरळ वाटतं. 'तूप', 'अण्णा', 'अक्का' हे शब्द जसे त्या बाजूने आपल्या घरात आले आणि घरचेच झाले, तसाच हा.

पालीत बसून हे पटायला फार कष्ट पडत नाहीत. मांजरसुंब्याजवळ कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे. कार्तिकी पौर्णिमेला तिथे मराठवाड्यातून येतात तसेच कर्नाटक-तेलंगणातूनही भाविक येतात, आणि चार दिवस या बालाघाटाच्या कुशीत मराठी-कन्नड एकमेकींत मिसळलेल्या ऐकू येतात. योगायोग असा, की यात्रेकरू येतात त्याच दिवसांत कोयते बाहेर पडतात. कापणीचा मूळ धातू ज्या भाषेत अजून जिवंत आहे तिचे लोक एका बाजूने येतात आणि त्या धातूवरून ज्यांचं नाव पडलं ती माणसं दुसऱ्या बाजूने जातात.

उत्तरेला गुजरातीत 'कोयतो' आहे. कोकणात हे हत्यार बहुधा स्त्रीलिंगी होतं : कमरेला आकडी, आकडीत कोयती. तिथे तिचं काम नारळ, झावळ्या, कवळं. मराठीत आकारान्त पुल्लिंगी म्हणजे मोठं आणि ईकारान्त स्त्रीलिंगी म्हणजे लहान, असा एक जुना संकेत आहे : गाडा-गाडी, विळा-विळी, पळा-पळी. त्याच चालीवर कोयता-कोयती. ही व्याकरणातली बारीक गोष्ट लक्षात असू द्यावी, कारण मुकादमाच्या वहीत फक्त पुल्लिंगी रूप येतं. अर्ध्या वाट्याची बाई असली तरी तिला कुणी 'कोयती' म्हणत नाही. तीही 'अर्धा कोयता'च.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, दुसरी आवृत्ती १८५७ ची. त्यात जोडप्याचा अर्थ असणं शक्यच नव्हतं. महाराष्ट्रातली साखर कारखानदारी विसाव्या शतकातली. प्रवरेचा सहकारी कारखाना १९५० साली उभा राहिला, मग सहकाराच्या वाटेने कारखाने वाढत गेले. आसपासच्या गावांतल्या मजुरांवर एवढा ऊस तोडून होणं शक्य नव्हतं. बालाघाटाच्या डोंगराळ, कमी पावसाच्या पट्ट्यात सहा महिने हाताला काम नव्हतं. १९७२ च्या दुष्काळानंतर तर हा ओघ आणखी वाढला. आज एकट्या बीड जिल्ह्यातून काही लाख माणसं दर हंगामात पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. एवढ्या माणसांचा व्यवहार तोंडी करायचा, उचल आधी द्यायची आणि ती कामातून फेडून घ्यायची, तर मोजायला एक सुटसुटीत एकक लागतं. ते एकक हत्याराने पुरवलं.

पण एका हत्यारात दोन माणसं का मावली? उत्तर फडात मिळतं. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण बुडख्याकडच्या पेरांत साखर जास्त असते. एकाने वाकून बुडात घाव घालायचा, पाचट सोलायचं, शेंड्याचं वाढं छाटायचं. दुसऱ्याने तोडलेला ऊस गोळा करायचा, वाढ्यानेच मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायची, आणि ट्रक असेल तर फळीवरून वर चढायचं. एकट्या माणसाला हे दोन्ही करता येतं, पण मेळ बसत नाही. जोडीने दिवसाला दीड-दोन टन ऊस निघतो, आणि पैसे टनावर असतात. घाव घालणारा बहुधा नवरा आणि मोळी वाहणारी बहुधा बायको, असं सांगितलं जातं. कुठल्याही फडाच्या कडेला उभं राहून पाहिलं तर बाईच्या हातातही कोयता दिसतो. म्हणजे माणसं दोन, हत्यारं दोन, आणि हिशेबात एक.

या भाषिक युक्तीला आपल्या साहित्यशास्त्रात नाव आहे. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त लक्षणा समजावताना भाल्यांचं उदाहरण घेतलं आहे. 'भाले आत शिरताहेत' असं म्हटलं, की भाले धरलेली माणसं आत शिरताहेत असं आपण समजतो. ही उपादानलक्षणा : शब्द आपला मूळ अर्थ सोडत नाही, सोबत दुसरा ओढून आणतो. 'कोयते आले', 'कोयते पळाले', 'चार कोयते कमी पडले' ही वाक्यं अकराव्या शतकातल्या त्या काश्मिरी पंडिताला सहज कळली असती. बोलीतली, त्यातही हातावर पोट असणाऱ्यांची लक्षणा अलंकारशास्त्राच्या तासाला कुणी शिकवत नाही, हा भाग वेगळा.

वस्तूवरून माणूस मोजायची आपल्या भाषेला जुनी सवयच आहे. गाव शंभर उंबऱ्यांचं असतं. फौज पाच हजार घोड्यांची असते. जमीन दोन औतांची असते. घर वेगळं झालं की चूल वेगळी होते. पानिपताच्या आठवणीत तर विधवा झालेल्या बायकांची मोजदाद बांगड्यांवर झाली : लाख बांगडी फुटली. या सगळ्या मापांत एक सरळपणा आहे. घोड्यामागे स्वार एक. उंबऱ्याआड किती माणसं, ते ठरलेलं नाही, आणि तसा दावाही कुणी करत नाही. कोयत्याचं तसं नाही. तो नेमकं दोन माणसांचं श्रम मोजतो आणि आकडा एक लिहितो. बांगडीच्या मोजणीत निदान बाई दिसत होती.

हा अर्थ बीडपुरता नाही. दक्षिण गुजरातेत बारडोलीच्या साखर कारखान्यांचा ऊस तोडायला खानदेशातून आणि डांगातून माणसं जातात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी त्या मजुरांवर १९७८ साली लिहिलं, तेव्हा तिथेही तोडीच्या पथकाचं एकक 'कोयता' हेच होतं : पुरुष, बाई आणि बहुतेक वेळा सोबत एक पोर. पोर त्या कोयत्यात फुकटच धरलेलं. म्हणजे १९७० च्या दशकात हा अर्थ राज्याची सीमा ओलांडून रुळलेला होता. भाषा बदलली, आगाऊ रकमेचं नाव बदललं, आपल्याकडे जी 'उचल' तिला तिकडे 'खावटी' म्हणतात. कोयता मात्र तोच राहिला.

आता 'अर्धा'. माझ्या मते या शब्दाचं खरं वजन इथे आहे. पूर्ण कोयत्याला उचल मिळते ती पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढे, माणसाच्या ताकदीप्रमाणे आणि मुकादमाच्या गरजेप्रमाणे. अर्ध्याला त्याच्या निम्मी, तीही मुकादमाला पटलं तर. एकटा पुरुष दुसऱ्या एकट्या पुरुषाबरोबर जोडला जातो, बाप-लेक मिळून एक कोयता होतात, भाऊ-भाऊही होतात. नवरा गेलेल्या किंवा टाकलेल्या बाईची अडचण मोठी. तिला भाऊ, दीर, वयात आलेला मुलगा असा कुणीतरी शोधावा लागतो. नाहीतर आई-मुलगी मिळून कोयता होतात, आणि अशा कोयत्याला उचल देताना मुकादम दहा वेळा विचार करतो. 'विधवा', 'परित्यक्ता' हे शब्द सरकारी अर्जात असतात. फडावर तिची ओळख 'अर्धा कोयता' एवढीच.

या अपूर्णांकाचा परिणाम घरापर्यंत जातो. लग्न झालं की दोन अर्ध्यांचा एक होतो आणि उचल दुप्पट होते. मुलगी मागे गावात ठेवावी तर तिच्याकडे पाहायला कुणी नाही, सोबत न्यावी तर कोपीत सुरक्षित नाही. लग्न लावून दिलं तर काळजीही मिटते आणि कोयताही वाढतो. हा हिशेब आईबाप उघडपणे बोलून दाखवतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याचा आकडा २१.९ टक्के होता. सगळा दोष ऊसतोडीवर टाकता येणार नाही, पण अर्ध्याचा पूर्ण करण्याची ओढ त्यात आहे हे नाकारताही येत नाही.

बोलीने या लग्नांनाही नाव दिलं आहे : गेटकेन. कारखान्याच्या कार्यक्षेत्राबाहेरचा, थेट दारात आणून घातलेला ऊस म्हणजे गेटकेन. हंगामाच्या तोंडावर, कारखान्याच्या वाटेवर किंवा फडावरच घाईघाईत उरकलेलं लग्न तेही गेटकेन. इंग्रजी शब्द कारखान्याच्या कचेरीतून निघाला, काट्यावरून फडात आला आणि मांडवात जाऊन बसला. बोलीचा विनोद असा कोरडा असतो. हसू येतं आणि लगेच आवरतं.

एका एककात दोघांना कोंबल्याचा आणखी एक परिणाम आहे. उचल नवरा घेतो, अंगठा किंवा सही त्याची, नाव त्याचं. बायकोने किती मोळ्या वाहिल्या याची नोंद वेगळी होत नाही, कारण कोयत्याला दोन रकाने नाहीत. मात्र खाडा दोघांना मिळून लागतो. एक जण आजारी पडला की कोयता मोडतो, आणि मोडलेल्या कोयत्याच्या नावावर दंड चढतो. बाळंतपण, पाळी, पोटाचं दुखणं ही सगळी कारणं खाड्याच्या रकान्यात सारखीच.

२०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या निमित्ताने जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. साधारण सहा बायकांमागे एक. त्या आकड्याच्या कारणांवर पुष्कळ लिहून आलं आहे : खाड्याची भीती, कॅन्सरची घातलेली भीती, खासगी दवाखान्यांचा उद्योग, फडावर न्हाणीची सोय नसणं. मला इथे एवढंच नोंदवायचं आहे, की हा आकडा बायका मोजल्या म्हणून मिळाला. कोयते मोजले असते तर तो कधीच निघाला नसता.

म्हणून हा शब्द केवळ अन्यायाचं दुसरं नाव आहे असं कुणी समजू नये. त्याला एक ताठ कणाही आहे. ऊसतोड कामगारांचा संप म्हणजे 'कोयता बंद'. दरवाढीची मागणी आली की मथळा येतो 'कोयता म्यान'. म्यान तलवारीची असते, कोयत्याला कुणी म्यान शिवत नाही. पण या शब्दप्रयोगाने फडातलं हत्यार एका फटक्यात लढाईच्या मैदानात नेलं. इथे कोयता म्हणजे एक जोडपं नाही, सगळी जमात. गोपीनाथ मुंडे यांच्या राजकारणाचा एक पाया या संपांत होता. संपाची हाक, मग लवादाची बैठक, मग टक्केवारी, हा क्रम दर काही वर्षांनी फिरून येतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तीही अशाच इशाऱ्यानंतर. आपल्याकडे राजकीय खूण म्हणून रुळला तो 'विळा-हातोडा'. विळ्याला झेंडा मिळाला, कोयत्याला मिळाला नाही. पण संपाच्या मथळ्यात मात्र विळा कधी आला नाही.

याच सुमारास शब्दाला तिसरीकडून धार लागली. २०२२ च्या अखेरीस पुण्यात हातात कोयते घेऊन दुकानं फोडणाऱ्या, दहशत माजवणाऱ्या पोरांच्या टोळ्यांना वर्तमानपत्रांनी 'कोयता गँग' म्हटलं. नाव इतकं चिकटलं की कुणाच्याही हातातलं पातं दिसलं, तरी टोळी तीच ठरू लागली. पोलिसांनी कोयते विकणाऱ्या दुकानदारांना गिऱ्हाइकाच्या ओळखपत्राची नोंद ठेवायला सांगितलं. शहाळं सोलणाऱ्याच्या गाडीवरचा कोयताही मग लोकांना वेगळा दिसायला लागला. मौज अशी की 'टोळी' हा शब्दही दोन्हीकडे आहे. बीडच्या बाईने 'आमची टोळी पुण्याकडं हाय, बारा कोयत्यांची' असं साधेपणाने म्हटलं, तर पुण्याच्या सोसायटीतला माणूस दचकेल. तिच्या वाक्यात चोवीस कष्टकरी माणसं आहेत, चार-सहा लेकरं आहेत, एखादी म्हातारी आहे. त्याच्या कानावर बारा पाती पडतात.

या दोन अर्थांची स्पर्धा सारख्या ताकदीची नाही. शहरातला अर्थ मथळ्यातून, मोबाइलवरच्या चित्रफितींतून पसरतो. फडातला अर्थ तोंडातोंडी चालतो आणि सहा महिने पाचटात असतो. आणखी वीस वर्षांनी एखादा कोशकार 'कोयता' या नोंदीखाली गुंडगिरीचा अर्थ नक्की लिहील. जोडप्याचा अर्थ लिहायला त्याला कुणीतरी पालीच्या टपरीवर बसवायला हवं.

शिवाय तोवर ते एकक उरेल का, हाही प्रश्न आहे. हार्वेस्टर फडात शिरला आहे, आणि यंत्रं घ्यायला सरकारी अनुदानही मिळतं. यंत्राची ताकद सांगताना लोक अजून जुन्याच मापाने सांगतात, की हे मशीन इतक्या कोयत्यांचं काम करतं. मोटारीची ताकद घोड्यांत सांगावी तसं. घोडे रस्त्यावरून गेले तरी अश्वशक्ती राहिली. कोयत्याचंही कदाचित तसंच होईल.

दुसरीकडे सरकारने ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ काढलं, आणि २०२१ मध्ये त्यांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृह योजना आणली. गावोगाव ग्रामसेवकांमार्फत नोंदणी करून ओळखपत्रं द्यायची, असं ठरलं. या नोंदणीचं भाषेच्या दृष्टीने महत्त्व असं, की तिच्यात कोयता हा रकाना नाही. माणूस आहे : नाव, वय, आधार क्रमांक. नवऱ्याचं कार्ड वेगळं, बायकोचं वेगळं. अर्धं कुणीच नाही. ज्या बाईचं नाव हिशेबाच्या वहीत कधी चढलं नव्हतं, तिचा फोटो तिच्या कार्डावर येतो.

मुकादमाची वही मात्र अजून जुन्याच भाषेत चालते, कारण उचल तिथून मिळते. त्यामुळे आज पालीसारख्या गावात एकाच बाईचे दोन हिशेब आहेत. ग्रामपंचायतीत ती एक आहे. मांजरसुंब्याच्या चौकात, जिथून पाटोदा-जामखेडची, केज-अंबाजोगाईची आणि सोलापूरची वाट फुटते, तिथे ट्रकमध्ये चढताना ती निम्मी असते. तिला स्वतःला विचारलं तर ती तिसरंच सांगते. पूर्वी ती सांगायची, "आम्ही एक कोयता." आता तिच्या पिशवीत कार्ड आहे, आणि ती विचारते, याच्यावर उचल मिळती का?